ज्वारी, डाळ, पाणी आणि तणनाशक : ऐकायचं कुणाचं? (सोलापूर)

जुळे_सोलापूरची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न एकच आहे पण पसारा मोठा आहे, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आमच्या अपार्टमेंटमध्ये एक जण भाजी शुद्ध करायचं यंत्र विकायला आला होता. पार्किंगमध्ये टेबल मांडलं, माझ्याच हातातली मेथीची जुडी मागून घेतली. घमेल्यात नळाचं पाणी, त्यात जुडी आणि त्यात यंत्राची दांडी. पाच मिनिटांत पाण्यावर तपकिरी साय धरली. "ताई, हे तणनाशक. हे तुमची लेकरं रोज खातात." किंमत साडेनऊ हजार. दोघींनी तिथल्या तिथे घेतलं. मी घेतलं नाही, पण रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

घरात दोन मुलं, चार आणि आठ वर्षांची. वर्षाची ज्वारी मंगळवेढ्याची, मार्चमध्ये भरतो. कांदा आणि गूळ धाकट्या दिरांकडून, मोहोळ तालुक्यातून. ते उसात तणनाशक मारतात, लपवत नाहीत. डाळी दुकानातल्या. पाणी पालिकेचं, चार-पाच दिवसांआड येतं ते, पिण्यापुरतं आरओचं.

नणंद पुण्याहून रोज एक व्हिडिओ पाठवते, ग्लायफोसेट नावाच्या तणनाशकाने कॅन्सर होतो म्हणून. दीर म्हणतात, "वहिनी, वीस वर्षं मारतोय, मला काय धाड भरली?" डॉक्टर म्हणाले, धुऊन खा. कुणाचं ऐकू? आणि तपासून कुठे मिळतं?

काळं_रान

ताई, ज्वारीपुरतं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

आमच्याकडं मालदांडी ज्वारी म्हंजे रब्बी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, मग वरनं पाणी नाही, काळ्या रानाच्या ओलीवर पीक येतं. दोन-तीन कोळपण्या होत्यात. कोळप्यानं तण तर जातंच, पण खरं काम दुसरंच असतंय, भेगा बुजत्यात आणि ओल टिकती. त्यामुळं कोळपं कुणी चुकवत नाही, आन कोळपल्यावर औषधाला पैसा घालावा एवढं तणच उरत नाही. पाण्याखालच्या ज्वारीत ॲट्राझीन मारणारे आहेत, पेरल्यावर लगेच, उगवायच्या आधी. म्हणून घेताना एकच विचारा, जिरायती का बागायती?

अजून एक. आमच्या ज्वारीला 2016 ला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालं, तवापासनं कुठलीबी ज्वारी मंगळवेढ्याच्या नावानं खपवायलेत. पोत्यावरच्या छापावर जाऊ नका. ओळखीच्या माणसाकडनं घ्या, दाणा चावून बघा.

बार्शीचा_पाहुणा

तुम्ही मेथीचं काय घेऊन बसलात, 2016 मध्ये जर्मनीत बिअरमध्ये ग्लायफोसेट सापडलं होतं. तेव्हापासून माझी बायको मला रोज ती बातमी वाचून दाखवते.

सॅम्पल_नंबर_सात

मूळचा बाळीवेशीतला, सध्या पुण्यात अन्नातले औषधांचे अंश तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. यंत्रापासून सुरू करतो, कारण मला त्याचाच जास्त राग आहे.

त्या दांडीत लोखंडाच्या पट्ट्या असतात. पाण्यातून करंट गेला की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यावर तरंगतो. तपकिरी साय म्हणतात ती हीच. शेजारणीचं यंत्र मागून घ्या, घमेल्यात नुसतं नळाचं पाणी घ्या, मेथी घालू नका, आणि लावा. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यात तर झकास साय धरेल. भाजीत तणनाशक असलंच तर ते किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशोबात असतं, डोळ्याला दिसत नाही, साय तर सोडाच. तीच गत पेनासारखं टोचून आकडा दाखवणाऱ्या मीटरची. तो पाण्यातले-रसातले क्षार मोजतो आणि त्यावरून नायट्रेटचा अंदाज करतो. टीडीएस मीटरलाही तणनाशक कळत नाही.

"धुऊन खा" हे बरोबरच आहे. माती, जंतू, वरवर बसलेलं कीटकनाशक त्याने बरंच जातं. पण ग्लायफोसेटसारखं औषध पानातून आत शिरून झाडभर फिरतं, ते धुऊन जात नाही. तिथे महत्त्वाचं असतं ते फवारणी आणि काढणी यांच्यातलं अंतर. तुमच्या दिरांच्या उसात तणनाशक पडतं ते लावणीपासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत, नंतर ऊस स्वतःच रान झाकतो. तोडणी वर्षभराने. कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन किंवा पेंडिमेथॅलिन लागणीच्या आसपास, काढणी चार महिन्यांनी. म्हणून त्या गुळाची आणि कांद्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

काळजी करायचीच तर दुकानातल्या डाळीची करा, आणि तीही बेताची. कॅनडात मसूर, वाटाणा, ओट अशी पिकं काढणीच्या तोंडावर एकसारखी वाळावीत म्हणून उभ्या पिकावर ग्लायफोसेट मारतात. अन्नात हे औषध सापडतं त्याचं मोठं कारण हेच. आपल्याकडे ज्वारीवर असलं कुणी करत नाही. आयात मसूर-मुगात ग्लायफोसेट तपासा, असं एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2018 मध्ये सांगितलं होतं. मसुरासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा किलोला 5 मिलिग्रॅम आहे.

आता हिशोब करू. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे ईएफएसएने, रोज आयुष्यभर चालेल अशी मात्रा धरली आहे ती वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. तुमचं धाकटं 15 किलोचं धरलं तर साडेसात मिलिग्रॅम. त्याने रोज 50 ग्रॅम मसूर खाल्ला आणि तो सगळा मर्यादेच्या काठावरचा निघाला, तरी पोटात जातं पाव मिलिग्रॅम. तीसपटीचं अंतर आहे. बार्शीच्या पाहुण्यांनाही हेच लागू. त्या जर्मन बिअरमधला सगळ्यात मोठा आकडा लिटरला 29.74 मायक्रोग्रॅम होता. तिथल्या सरकारी संस्थेचं उत्तर होतं की त्रास व्हायला दिवसाला हजार लिटर प्यावी लागेल. वहिनींना सांगा, लिव्हर त्याच्या कितीतरी आधी जाईल.

बार्शीचा_पाहुणा

हे वाचून दाखवलं. दोन वाक्यांपैकी तिला दुसरंच ऐकू आलं.

बांधावरची_आई

माफ करा, पण हे सगळं कंपनीच्या भाषेत चाललंय. जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, 2015 मध्ये ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं आहे. आणि तुम्ही ज्या ईएफएसएचा आकडा देता तिने त्याच वर्षी 'शक्यता नाही' म्हटलं. एक तर खोटं बोलतंय ना? शीतपेयांचं आठवा. 2003 मध्ये सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेने त्यांत कीटकनाशकं दाखवली तेव्हा कंपन्या काय काय बोलल्या! शेवटी शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संसदेची समिती बसली, 2004 मध्ये तिने सीएसईचे निष्कर्ष बरोबर ठरवले. मी पाच वर्षं फक्त सेंद्रिय घेते.

सॅम्पल_नंबर_सात

पवार समितीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ती कीटकनाशकं होती, पण धडा तोच. आणि तुमच्या बाजूचा याहून मोठा पुरावा मीच देतो. ग्लायफोसेट सुरक्षित आहे म्हणून 2000 सालचा एक आढावा वर्षानुवर्षं सगळीकडे दाखवला जायचा. तो लिहिण्यात मोन्सँटोच्या, म्हणजे ग्लायफोसेट विकणाऱ्या कंपनीच्या, माणसांचा हात होता हे 2017 मध्ये अमेरिकेतल्या खटल्यांतल्या ईमेलवरून उघड झालं, आणि 2025 च्या अखेरीस त्या नियतकालिकाने तो लेखच मागे घेतला. त्यामुळे कंपनी स्वतःबद्दल काय सांगते ते मी धरतच नाही. आयएआरसीच्या बैठकीला बसलेला एक तज्ज्ञही लगेचच फिर्यादींच्या वकिलांचा सल्लागार झाला होता, तेही लक्षात ठेवा.

पण त्या दोन संस्थांपैकी कुणीतरी खोटंच बोलतंय असं होत नाही, कारण दोघींना विचारलेला प्रश्न वेगळा होता. आयएआरसी विचारते, या विहिरीत माणूस बुडू शकतो का? ईएफएसए विचारते, तुमचं पोर रोज काठापासून किती लांब खेळतं? आयएआरसीच्या त्याच गटात लाल मांस आहे, 65 अंशांवरचा चहा आहे आणि रात्रपाळीही आहे. आपल्या यंत्रमागावरच्या किती घरांनी जन्मभर रात्रपाळी केली! मग त्या गटाला काही अर्थच नाही का? आहे. पण त्यावरून किती प्रमाण घातक हे कळत नाही.

आयएआरसीने जे अभ्यास पाहिले त्यात माणसांमधला पुरावा मुख्यतः शेतात औषध हाताळणाऱ्यांचा होता, डाळ खाणाऱ्यांचा नव्हे. त्यामुळे दिरांच्या "मला काय धाड भरली"वर मात्र मी विश्वास ठेवणार नाही. एका माणसावरून काही कळत नाही, आणि या घरात सगळ्यात जास्त औषध अंगावर घेणारा माणूस तोच आहे.

निवृत्त_कृषी_सहायक

कायद्याचं थोडं. ग्लायफोसेटची आपल्याकडे नोंदणी चहाच्या मळ्यासाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने आणखी बंधन घातलं, परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच मारायचं. कागदावर. प्रत्यक्षात हराळी-लव्हाळ्याला सगळे तेच मारतात, कारण खुरपायला बायका मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. हे मी बांधावर उभा राहून बघितलंय, उगाच शेतकऱ्याला चोर ठरवू नका.

टू-फोर-डी या तणनाशकाचा पंप नीट न धुता वांग्यावर मारला की पानं चमच्यासारखी वळतात. शेजारच्या द्राक्षबागेवर वारं गेलं तर भांडण चौकीपर्यंत जातं. माझ्या नोकरीत तणनाशकाच्या तक्रारी आल्या त्या बहुतेक असल्याच. भाकरीतनं बाधलं म्हणून एकही आली नाही. अर्थात भाकरीचं दुखणं माझ्याकडे कोण आणणार?

जुळे_सोलापूरची_सून

सगळ्यांना धन्यवाद! आज शेजारणीचं यंत्र आणलं. नुसतं नळाचं पाणी, मेथी नाही, काही नाही. सहा मिनिटांत तश्शीच साय. शेजारीण बघतच राहिली, मग म्हणाली, "बिल कुठं ठेवलंय बघते."

राहिलं पाणी आणि तपासणी. सात नंबर, तेवढं सांगा.

सॅम्पल_नंबर_सात

पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, काही तणनाशकांच्या मर्यादा दिल्या आहेत. ॲट्राझीन लिटरला 2 मायक्रोग्रॅम, टू-फोर-डी 30. ग्लायफोसेट त्या यादीत नाही. उजनी धरणाचं पाणी म्हटलं की मला आधी पुणे-पिंपरीचं सांडपाणी आठवतं, तणनाशक बरंच नंतर. तुमच्या आरओत कोळशाचा फिल्टर असतो, ॲट्राझीन त्याला बऱ्यापैकी धरतं. तो वेळेवर बदला. उकळून ॲट्राझीन जात नाही. मोहोळला शेतातल्या बोअरचं पाणी पीत असाल तर मात्र आधी नायट्रेट तपासा. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. उसाला पडणाऱ्या युरियामुळे ते वाढतं, आणि तपासणी स्वस्तात होते.

डाळ तपासायची असेल तर एक गोष्ट गाठीला बांधा. प्रयोगशाळा सांगतात "चारशे-पाचशे कीडनाशकं एकदम बघतो". त्या एकत्र चाचणीत ग्लायफोसेट येत नाही, त्याची पद्धत वेगळी आहे आणि पैसेही वेगळे. लोक हजारो रुपये भरतात, अहवालात सगळीकडे 'आढळले नाही' वाचून निर्धास्त होतात, आणि ज्याची भीती होती ते बघितलेलंच नसतं. म्हणून आधी विचारा: ग्लायफोसेट तुमच्या एनएबीएल मान्यतेच्या (प्रयोगशाळांना मिळणारी सरकारमान्य मान्यता) यादीत आहे का, आणि किमान किती प्रमाण मोजता? यावर जो गुळमुळीत बोलेल त्याला नमस्कार करा. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहक म्हणून नमुना तपासून घेता येतो, पण विकत घेताना दुकानदाराला तसं सांगावं लागतं. नमुना नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते.

खरं विचाराल तर तुमच्या जागी मी डाळ तपासायला पैसे घालणार नाही. दिरांना एक काम सांगा, शेडमधल्या बाटल्यांचे फोटो पाठवायला. नावं कळली की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

बांधावरची_आई

विहिरीचं उदाहरण पटलं. सेंद्रिय सोडणार नाही. पण घेताना जैविक भारतचा, म्हणजे प्रमाणित सेंद्रियाचा शिक्का बघत जाईन, आजवर दुकानदाराच्या तोंडावरच चाललं होतं.

जुळे_सोलापूरची_सून

भावजींनी फोटो पाठवला. शेडच्या फळीवर चार बाटल्या आहेत. लेबलं वाचते: ॲट्राझीन 50 टक्के, टू-फोर-डी सोडियम सॉल्ट, मेट्रिब्युझिन. चौथी थंड पेयाची दोन लिटरची बाटली आहे, लेबल नाही, आत अर्ध्यापर्यंत हिरवट काहीतरी.

निवृत्त_कृषी_सहायक

पहिल्या तीन उसातल्या नेहमीच्याच आहेत. चौथीत काय आहे ते आत्ता फोन करून विचारा.

जुळे_सोलापूरची_सून

विचारलं. पॅराक्वाट आहे म्हणाले. शेजाऱ्याकडून बांधावर मारायला मागून आणलं होतं, पाच लिटरच्या कॅनमधून ओतून.

सॅम्पल_नंबर_सात

ताई, ज्वारी-मसूर सगळं बाजूला ठेवा. पॅराक्वाटला उतारा नाही. मोठ्या माणसाच्या पोटात एक घोट गेला तरी वाचणं अवघड असतं, फुप्फुसं जातात. थंड पेयाच्या बाटलीत, मुलांचा हात पोचेल अशा फळीवर! ते आजच मूळ कॅनमध्ये परत जाऊ द्या, रिकामी बाटली भोकं पाडून टाका, पुन्हा कशालाही वापरू नका. आणि शेडला कुलूप.

काळं_रान

खरंय. आमच्या शिवारात असंच एकदा झालंय. लिहवत नाही.

जुळे_सोलापूरची_सून

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत दोन्ही मुलं हुरड्याला तिथेच जाणार आहेत, चार दिवसांनी. परत फोन लावला. भावजी आधी हसले, मग मी जरा आवाज चढवला. माझा आवाज चढलेला त्यांनी बारा वर्षांत ऐकला नव्हता. बाटली शेजाऱ्याच्या कॅनमध्ये रिकामी करून आले, जाऊबाईंनी तसा व्हिडिओच पाठवला. कुलूप मी येताना नवी पेठेतून घेऊन जातेय, तिथलं गंजलंय म्हणे.