प्रतिसाद: कुंडीतलं जेल आणि बोअरचं पाणी

"गॅलरीतल्या कुंड्यांत जेल मिसळा, मे महिन्यात गावाला गेलात तरी झाडं तगतील," असं वरच्या लेखात म्हटलंय. जेल म्हणजे पाणी शोषून धरणारे, मातीत मिसळायचे दाणे. मिसळा, पण आधी पुडी वाचा. पॉलिअ‍ॅक्रिलेट (एक कृत्रिम बहुवारिक) असेल तर माल पेट्रोलियमचाच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल सेल्युलोजवर, म्हणजे वनस्पतींतल्या तंतूवर, बेतलेलं आहे (पूर्ण नैसर्गिक तेही नाही). शुद्ध पाण्यात ते वजनाच्या निदान ३५० पट पाणी धरतं. गोम त्या 'शुद्ध'मध्ये आहे. मुंबईत बऱ्याच सोसायट्या झाडांना बोअरचं मचूळ पाणी घालतात आणि क्षार आले की जेल फुगतच नाही धड. फुगलेल्या जेलवर चिमूटभर मीठ टाकून बघा, डोळ्यांदेखत पाणी सोडतं.

जेलसाठी नैसर्गिक पर्याय म्हणून ससून डॉकवरच्या कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान (टरफलांतल्या कायटिनपासून बनणारा पदार्थ) निघतं, खरंय. पण त्याला आम्ल आणि कॉस्टिक सोडा लागतो, त्यामुळे लगेच टाळ्या नकोत. आमच्याकडे बोअरच, म्हणून मी कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भागवते.