मदत हवी आहे : गोरेगाव ते हेदवी मोठी कॅराव्हॅन न्यायची आहे, कुठल्या रस्त्याने जाऊ?

गोरेगाव_पूर्व

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सांगते. माझे बाबा ७९ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, आता आधाराने चार पावलं चालतात पण तासाभराच्या वर बसवत नाही आणि बाथरूमला जायचं म्हटलं की लगेच जावं लागतं. माघी गणपतीला हेदवीला दशभुजा गणेशाच्या दर्शनाला जायचं हा त्यांचा नेम, आजारपणात दोनदा चुकला, आणि यावर्षी ते स्वतःहून "मला नेशील का" म्हणाले. ट्रेनचा विचार केला होता पण त्यांना डब्याच्या पायऱ्या चढवणं उतरवणं आम्हाला दोघांना झेपणार नाही.

म्हणून भाड्याने कॅराव्हॅन ठरवलीय. मिनीबसच्या चासीवर बांधलेली आहे, आत बेड, टॉयलेट, छोटं किचन, टपावर एसी. ड्रायव्हरसकट पण मिळते, पण अनोळखी माणसासमोर टॉयलेटला जायला बाबांना फार संकोच वाटतो, त्यामुळे मी आणि नवरा आळीपाळीने चालवणार. नवऱ्याने पूर्वी टेम्पो ट्रॅव्हलर चालवलेली आहे, मी इनोव्हापर्यंतच.

मागच्या रविवारी ट्रायल म्हणून गाडी चार तास घेतली, बाबांनाही झोपवून बघू म्हणून बरोबर घेतलं होतं, आणि फोनवरच्या नकाशाने आम्हाला एका रेल्वे सबवेच्या तोंडाशी नेऊन सोडलं. समोर हाइट बॅरियरचा आडवा लोखंडी बार, मागे रिक्षांची रांग, आणि आपली गाडी त्या बारखालून जाते की नाही ते दोघांनाही माहीत नाही. नवरा खाली उतरून हात वर करून बघतोय, मागून हॉर्न, आत बाबा घाबरले. शेवटी दोन रिक्षावाले आणि एका भाजीवाल्याने मागची गर्दी हटवली आणि रिव्हर्स घेत घेत अर्ध्या तासाने बाहेर पडलो. कुणाला काही लागलं नाही पण त्या दिवसापासून माझी झोप उडालीय, कारण हे मुंबईत झालं तर मदतीला माणसं तरी आहेत, घाटात किंवा एखाद्या आगरातल्या बोळात झालं तर काय करायचं?

तर विचारायचं असं की पनवेलवरून गोवा हायवेने सरळ चिपळूण आणि मग गुहागर असं जावं, की पुणे-सातारा करून उंब्रजवरून कुंभार्ली घाट उतरावं, की दापोलीकडून दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्यावी? घरात तीन माणसांची तीन मतं आहेत. आणि उंची-रुंदीचं आधी कसं तपासायचं, कारण फोनमधल्या नकाशात कार की बाईक एवढंच विचारतात, गाडी किती उंच आहे ते टाकायला जागाच नाही.

लांबपल्ला

ताई, रस्त्याचं नंतर बघू, आधी गाडी मोजा. आरसीवर किंवा भाड्याच्या कागदावर जी उंची लिहिलीय ती बरेचदा मूळ गाडीची असते, टपावर नंतर बसवलेला एसी, सोलर पॅनेल, अँटेना त्यात धरलेला नसतो. सपाट जागेवर, गाडी रिकामी आणि टायरमध्ये पूर्ण हवा असताना सगळ्यात उंच वस्तूपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा, रिकामी गाडी स्प्रिंगवर उचललेली असते त्यामुळे तीच सगळ्यात वाईट उंची. त्यावर निदान १५-२० सेंटीमीटर सोडून जो आकडा येईल तो मोठ्या अक्षरात लिहून ड्रायव्हरच्या समोर चिकटवा. पुलाखालच्या पाटीवर पण डोळे मिटून भरवसा नको, रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि पाटी जुनीच राहते.

रुंदी आरशासकट मोजा. लांबी मोजताना मागच्या चाकापासून मागच्या बंपरपर्यंतचं अंतर वेगळं लिहून ठेवा, ते का ते खाली कुणीतरी सांगेलच.

नकाशासाठी ऑस्मअँड नावाचं ॲप आहे त्यात गाडीची उंची, रुंदी, वजन टाकता येतं. पण नकाशात त्या पुलाची उंची कुणीतरी आधी भरलेली असेल तरच ते अडवतं, कोकणातल्या आतल्या रस्त्यांना त्याचा आधार धरू नका. मी सॅटेलाइट आणि स्ट्रीट व्ह्यूवर एकेक वळण बघत जातो, रात्री दोन तास बसलं की शेवटचे पन्नास किलोमीटर बघून होतात.

लायसन्सचं पण बघून घ्या. एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर, एकूण भारासकट ७५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, पिवळ्या पाटीची म्हणजे भाड्याची असली तरी, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. आरसीवर ग्रॉस व्हेईकल वेट किती लिहिलंय ते बघा, वर असेल तर तुम्ही दोघांनी चालवायचा प्रश्नच येत नाही. आणि तुम्हीच चालवणार हे गाडीवाल्याकडून लेखी घ्या, इन्शुरन्सला लागतं.

गोरेगाव_पूर्व

खूप आभार. आज सकाळीच जाऊन मोजलं. उंची ३.२२ मीटर (कागदावर २.९ होती!), रुंदी आरशासकट २.४५, लांबी ७.४, मागच्या चाकामागे २.१. ग्रॉस वेट ६२५० किलो, म्हणजे लायसन्स चालतंय. आरशांचा विचार मी केलाच नव्हता.

लालपरी_घरचा

माझे वडील ३१ वर्षं एसटीत चालक होते, चिपळूण गुहागर मार्गावर बरीच वर्षं. त्यांना तुमचा धागा वाचून दाखवला, ते सांगतायत ते लिहितो.

पहिली गोष्ट, नकाशा सोडा आणि एसटी कुठून जाते ते विचारा. एसटी तुमच्या गाडीपेक्षा लांब, रुंद, आणि उंचीलाही कमी नाही, आणि ती त्या रस्त्याने रोज जाते म्हणजे फांद्या तोडलेल्या असतात, वायरी उचललेल्या असतात, समोरच्यालाही मोठी गाडी येणार याची सवय असते. गावात शिरायच्या आधी कुणालाही विचारायचं, "इथून मोठी एसटी जाते का?" मोठी म्हणायला विसरू नका, काही गावांना मिडी बसच जाते. फोन म्हणतोय चार किलोमीटर वाचतील आणि त्या रस्त्याला एसटी नाही, तर त्या वाटेला जायचंच नाही.

दुसरं वळणाचं. लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत फिरत नाही, आतून कापतं, त्यामुळे घाटात डावं वळण घेताना आतल्या गटारात मागचं चाक उतरतं. आणि मागचा जो २.१ मीटरचा भाग आहे तो उलट बाहेर फिरतो, म्हणजे उजवीकडे वळताना डावीकडे उभ्या असलेल्या माणसाला किंवा भिंतीला लागतो. माझे वडील म्हणतात मोकळ्या मैदानात दोन विटा ठेवून दोघांनी तासभर वळून बघा, एकाने बाहेर उभं राहून मागचं चाक आणि शेपटी बघायची, मग जागा बदलायची. एकदा डोळ्यांनी बघितलं की मग ते हाताला कळतं.

तिसरं उतार. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरायचं, आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणावर लागत नाहीत. न्यूट्रल कधीच नाही, डिझेल वाचवायला तर नाहीच नाही. परशुराम घाट चिपळूणकडे उतरताना हे लक्षात ठेवा, रस्ता आता रुंद आहे म्हणून वेग कळत नाही. आणि अरुंद चढावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला वाट द्यायची, नियमातही तसंच आहे.

रस्त्याबद्दल त्यांचं मत एकच, गोवा हायवे. कुंभार्लीने एसटी जाते, ट्रक जातात, रस्ता वाईट नाही, पण तुम्ही आधी बोरघाट चढणार, मग खंबाटकी, आणि शेवटी दमलेले असताना कुंभार्ली उतरणार, आणि तेवढा वेळ पेशंट आत हेलकावे खात असणार. नव्या माणसाने शेवटी घाट ठेवू नये. वरंधा, आंबेनळी हे घाट कुणी सुचवले तर ऐकूसुद्धा नका. कशेडीला बोगदा झाल्यापासून हायवेवरची सगळ्यात दमवणारी वळणं गेली.

सायन_पनवेल

मुंबईतून बाहेर पडायचं मी सांगतो. गोरेगावहून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), मग ईस्टर्न एक्सप्रेस, ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोड, तुर्भ्याला सायन-पनवेल हायवे पकडून कळंबोली आणि पळस्पे फाटा. सबवे नाही, बाजार नाही. उड्डाणपुलाच्या तोंडाशी आडवा बार दिसला तर खालच्या रस्त्याने जायचं, चढायच्या आधी निर्णय घ्यायचा. पहाटे साडेचारला निघालात तर सहाच्या आत पळस्प्याला लागाल. अटल सेतूचा मोह नको, तुमच्या बाजूने तो उलटा पडतो.

इंदापूर-माणगावला बाजारपेठेतून जायला लागतं आणि तिथे शनिवारी सकाळी अडकलात तर तास दीड तास जागेवर, त्यामुळे मधल्या वाराला जा.

गोरेगाव_पूर्व

लालपरी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. विटांची प्रॅक्टिस येत्या रविवारी करतोय. फेरीबोटीचं कुणी सांगेल का? बाबांना दाभोळची खाडी बघायला फार आवडतं म्हणून विचारतेय, सोपं पडेल असं वाटून नाही.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचाच. फेरीबोट मोठ्या गाड्या घेते, टुरिस्टच्या मिनीबस मी स्वतः चढताना बघितल्यात. अडचण बोटीत नाही, बोटीत चढताना आहे. ओहोटीला बोट खाली जाते आणि रॅम्प कलतो, मग पुढची चाकं वर चढतात तेव्हा तुमचा तो २.१ मीटरचा मागचा भाग जमिनीला घासतो, तुमच्या पाण्याच्या टाकीचा नळ आणि ड्रेनचा पाइप बहुतेक तिथेच असणार. शिवाय दापोलीपासून दाभोळपर्यंतचा उतार आणि गावातला रस्ता नव्या माणसाला जड आहे. बाबांना खाडी दाखवायचीच तर हेदवीहून एखाद्या दिवशी भाड्याची छोटी गाडी करून धोपाव्याला या, जेट्टीवर उभं राहून समोर दाभोळ दिसतं, बोटीत पायी चढून पलीकडे जाऊन परत येता येतं.

आता चिपळूणपासून पुढे. बहादूरशेख नाक्याला गर्दी असते. शहरात न शिरता गुहागर बायपासने निघा, मग रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी, मोडकाआगर. इथपर्यंत काही त्रास नाही, डिझेल आणि औषधं शृंगारतळीलाच घेऊन ठेवा. मोडकाआगरवरून तवसाळच्या रस्त्याला लागलात की पालशेत येतं, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रवासातली खरी अवघड जागा तीच. बाजार अरुंद, दुकानांचे पत्रे पुढे आलेले, आणि समोरून एसटी आली तर एकाला मागे घ्यावंच लागतं. एसटी जाते, त्यामुळे तुम्हीही जाल, पण एकाने खाली उतरून पुढे चालत जाऊन समोरची गाडी थांबवायची, त्यात लाज नको.

आणि एक महत्त्वाचं. माघी उत्सवाला रस्त्यावर स्वागत कमानी, मांडव, लायटिंगच्या माळा लागतात. एरवी जिथे एसटी जाते तिथेही त्या चार दिवसांत माळा खाली लोंबत असतात, एसटीच्या टपाला घासून गेल्या तरी तुटत नाहीत पण तुमच्या एसीच्या बॉक्समध्ये अडकतील. गणेशजन्माच्या दिवशी येऊ नका, गर्दीत बाबांना आत नेताही येणार नाही. चार दिवस आधी या.

देवळाच्या टेकडीवर कॅराव्हॅन नेऊ नका. खाली गावात सपाट जागी लावा आणि वर रिक्षाने न्या. गाडी लावताना माडाखाली लावू नका, नारळ टपावर पडला तर एसी गेला.

लांबपल्ला

आतलं पण सांगून ठेवतो. पाण्याची टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर जवळपास रिकामी ठेवा, अर्धी टाकी वळणावर हिंदकळते आणि गाडी डोलते, बाबांना बेडवर ते सगळ्यात जास्त जाणवेल. गॅस सिलिंडर चालत्या गाडीत मेन व्हॉल्व्हलाच बंद. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पाच वर्षांपेक्षा जुना टायर दिसला तर गाडीवाल्याला बदलायला सांगा, भाड्याच्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात आणि रबर नक्षी शाबूत असतानाच सुकतं.

बाबांना चालत्या गाडीत बेडवर झोपवणार असाल तर पट्टा बांधल्याशिवाय नको. कसं झोपवायचं आणि पट्टा कुठे बांधायचा ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

गोरेगाव_पूर्व

सगळं वहीत लिहून काढलं. आता ठरलंय ते असं, जन्माच्या चार दिवस आधी मंगळवारी पहाटे साडेचारला निघायचं, दर तासाला हायवेलगत मोठ्या हॉटेलच्या मोकळ्या पार्किंगला थांबायचं, चिपळूणला मुक्काम. बुधवारी उजाडल्यावर पुढे, म्हणजे पालशेतला आम्ही ताजे असू. मुंबई ते चिपळूण अडीचशे किलोमीटर एका दिवसात, मला ते आधी फार कमी वाटत होतं पण नवरा म्हणाला बाबांच्या हिशोबाने बरोबर आहे. पालशेतमध्ये नवरा चालवणार आणि मी पुढे चालत जाणार.

आईने बाबांना मंगळवार सांगितला. त्यांनी लगेच विचारलं, उंबऱ्यावरून चाक कसं नेणार. देवळात शिरताना उंबरा किंवा पायऱ्या किती आहेत, व्हीलचेअर कुठपर्यंत जाते, हे कुणाला आठवतंय का?

वाशिष्ठीकाठ

उगाच अंदाजाने सांगत नाही. शुक्रवारी मला शृंगारतळीला काम आहे, तसाच पुढे हेदवीला जातो, पायऱ्या मोजून फोटो इथे टाकतो. जाताना पालशेतच्या बाजारात सगळ्यात अरुंद जागी टेप पण लावून बघतो, तुमचे २.४५ लक्षात आहेत.