अफगाण मुलींना दुरून शिकवताना : अनुभव धागा

अफगाणिस्तानात सप्टेंबर २०२१ पासून सहावीपुढच्या मुलींना शाळा बंद आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठेही बंद झाली. आपल्यापैकी काही जण या मुलींना फोनवरून शिकवतात, काही जण त्यांचे अर्ज भरून देतात. त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. मुलीचे नाव, गाव किंवा छायाचित्र कृपया देऊ नये, कारण त्याची झळ तिच्या घराला बसू शकते. फसलेले प्रयोगही अवश्य लिहावेत.

निवृत्त गणित शिक्षिका, पुणे

माझ्या वर्गात चार मुली आहेत. काबूलचे घड्याळ आपल्या एक तास मागे असल्यामुळे माझा पाचचा वर्ग त्यांच्याकडे चारला भरतो. त्यांचे थोडे इंग्रजी आणि मालिका पाहून आलेली थोडी हिंदी एवढ्यावर आमचे भागते. कॅमेरा कोणीच सुरू करत नाही आणि मीही तसा आग्रह धरत नाही. हजेरी मात्र रोज होते. त्यांच्याकडेही हजेरीला ‘हाजिरी’च म्हणतात, हे कळले तेव्हा मला उगाचच माहेरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

पहिल्याच महिन्यात माझी फजिती झाली. एका मुलीने पाठवलेल्या वहीच्या फोटोत सगळी उत्तरे चुकलेली दिसली, म्हणून मी प्रत्येक गणितावर लाल फुली मारून तो फोटो परत पाठवला. तिने फार अदबीने कळवले की त्यांच्या लिपीत शून्य म्हणजे नुसते टिंब असते आणि पाचाचा आकडा गोलसर असतो. तिने लिहिलेले पन्नास मी ‘शून्य पूर्णांक’ असे वाचत होते! तिची सगळी उत्तरे बरोबर होती. त्या रात्री मी त्यांचे दहा आकडे पाटीवर गिरवले.

चौघींतली थोरली २३ मार्च २०२२ ची गोष्ट सांगते. त्या दिवशी मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार होत्या, म्हणून तिने आदल्या रात्रीच काळा झगा आणि पांढरी ओढणी इस्त्री करून ठेवली होती. शाळा उघडली आणि काही तासांतच सगळ्यांना घरी पाठवण्यात आले. आता ती ओढणी तिची धाकटी बहीण वापरते. धाकटी यंदा सहावीत आहे आणि मुद्दाम नापास होण्याचा विचार करते आहे, कारण नापास झाल्यास आणखी एक वर्ष शाळेत जाता येते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत अशी अडचण घेऊन माझ्याकडे कोणी आले नव्हते आणि तिला काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही.

संगणक अभियंता, पिंपरी

पुण्यात शिकताना माझ्या वर्गात एक अफगाण मित्र होता. त्याच्या बहिणीला मी प्रोग्रॅमिंग शिकवतो. परक्या पुरुषाने शिकवणे घरच्यांना अवघड वाटेल, हे ओळखून मी आधी तिच्या वडिलांशी बोललो. पहिले काही तास ते स्वतः शेजारी बसून राहिले, नंतर आई बसू लागली, आणि आता आईच मध्येच प्रश्न विचारते. या कुटुंबाला मुलीने शिकायला हवेच आहे.

अशा वेळी येथे सावित्रीबाईंचे नाव हमखास निघते. मलाही ते आठवते, पण एक फरक विसरू नये, असे वाटते. पुण्यात १८४८ मध्ये सुरू झालेल्या मुलींच्या शाळेला विरोध झाला तो समाजाकडून. सरकारने तर १८५२ मध्ये जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत घर तिच्या बाजूने आहे आणि मनाई सत्तेची आहे.

परिचारिका प्रशिक्षक, नाशिक

माझी विद्यार्थिनी सुईणीचे शिक्षण घेत होती. डिसेंबर २०२४ मध्ये तेही बंद झाले. मी तिला शरीररचना शिकवते, पण प्रसूती फोनवरून शिकवता येत नाही आणि तसा आव मी आणत नाही. स्त्रियांवर उपचार करायला स्त्रियाच हव्यात, असे जेथे मानले जाते, तेथेच त्यांचे प्रशिक्षण थांबवले आहे. यावर अधिक लिहिले तर माझा तोल जाईल.

नोकरीनिमित्त जर्मनीत

मी परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी मदत करते. माझी चूक सांगते. एका मुलीला मी निबंधात स्वतःची हालअपेष्टा लिहायला सांगितली, कारण निवड समितीवर त्याचा परिणाम होतो, अशी माझी समजूत होती. तिने चक्क नकार दिला. घराच्या छतावरच्या सौर पॅनेलची बॅटरी लवकर का उतरते, हे तिने सहा आठवडे नोंदी ठेवून शोधले होते आणि तिला त्यावरच लिहायचे होते. शेवटी तोच निबंध गेला आणि तो माझ्या सूचनेपेक्षा कितीतरी सरस होता. प्रवेशाचे पत्र आले, तरी ती अजून घरीच आहे. पासपोर्ट झालेला नाही, आणि लांबच्या प्रवासाला सोबत घरचा पुरुष लागतो.

निवृत्त गणित शिक्षिका, पुणे (पुन्हा)

एक लिहायचे राहिले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तेथे देशभर इंटरनेट बंद झाले होते. सुमारे दोन दिवस मी पाच वाजता फोन लावून बसत होते आणि पलीकडे कोणीही नव्हते. तेव्हापासून प्रत्येकीकडे पुढच्या पंधरा दिवसांची गणिते आधीच उतरवून ठेवलेली असतात. पॅरिसहून चालणाऱ्या बेगम टीव्ही या उपग्रह वाहिनीवर सातवी ते बारावीचे धडे दरी आणि पश्तो भाषांत लागतात, ते दोघी जणी पाहतात. नवव्या इयत्तेच्या भौतिकशास्त्रासाठी मला एक जोडीदार हवा आहे. शुक्रवारी त्यांची सुट्टी असते, रविवारी वर्ग असतो.