रविवारी ५ वाजता, क्लबहाऊस: मुलाखतीची तयारी

बी-३०४ ताई: नमस्कार सगळ्यांना. आमचा मुलगा आयटीआय फिटर झालाय. बुधवारी चाकणला अप्रेंटिसशिपची मुलाखत आहे, आयुष्यातली पहिलीच. मोबाईलवर बघून इंग्रजी इंट्रोडक्शन पाठ करतोय, एक शब्द विसरला की पुन्हा पहिल्यापासून. कुणी जरा त्याला समोर बसवून प्रश्न विचाराल का?

सी-१०२ काकू: ताई, आमची पुतणीपण येईल. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात दिवसभर बडबड, बाहेर कुणी काही विचारलं की गप्प.

ए-६०१ काका: दोघांनाही पाठवा. मी कंपनीत क्वालिटी विभागात होतो, अप्रेंटिसच्या मुलाखती घ्यायला बरीच वर्षं बसलोय. ताई, आधी ते पाठांतर थांबवा. एक मुलगा आठवतो. पाठ केलेलं तिसऱ्या वाक्याला अडलं आणि त्याचे डोळे छताकडे गेले. घामाघूम झाला बिचारा. मी त्याच्यापुढे एक बुश, म्हणजे धातूचा नळीसारखा तुकडा, आणि बारीक माप घ्यायचा व्हर्नियर ठेवला, म्हटलं बाहेरचा व्यास सांग. त्यानं काय केलं, तर आधी व्हर्नियरचे जॉ, म्हणजे वस्तू पकडणारे जबडे, पुसले, मिटवले आणि शून्याला शून्य जुळतंय का ते उजेडाकडे धरून पाहिलं. मग माप घेतलं, २४.३६. तोंडातून एवढा एकच आकडा निघाला, पण माझं मत तो जॉ पुसत होता तेव्हाच झालं होतं. घेतला आम्ही त्याला.

ए-६०१ काका: म्हणून मुलांना हे विचारा: तू स्वतः फाइल (कानस) मारून कुठला जॉब, म्हणजे वस्तू, केलास? कुठे चुकला? मग काय केलंस? मेल-फीमेल फिटिंगमध्ये, म्हणजे एकात एक बसवायच्या दोन तुकड्यांत, फट राहिली असेल तर तसंच सांगायचं. चूक सांगितली म्हणून मी कुणाला कधी नापास केलं नाही. न केलेलं केलं म्हणून सांगणारा मात्र दुसऱ्या प्रश्नाला सापडतो.

डी-४०४ ताई: काका, पटलं. पण इंग्रजी अगदी सोडू नका हं. मी एचआरमध्ये आहे, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ विचारतातच. आधी मराठीत मोकळं बोलू दे, मग त्यातलीच चार वाक्यं त्याची त्यालाच इंग्रजीत करू दे. आणि शिफ्टचं घरी आधी बोलून ठेवा. ‘तिन्ही शिफ्टला येशील का?’ म्हटल्यावर मुलं घाईत हो म्हणतात, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री घरी कसं यायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. बस आहे का, हे त्यानंच विचारावं. विचारलेलं चांगलंच दिसतं.

ई-२०३ दादा: एक सांगू? गेल्या वर्षी माझ्या भाच्याकडून एकानं ‘ट्रेनिंग फी’ म्हणून ४,००० रुपये घेतले. जॉइनिंग लेटर आलंच नाही. पोरगं महिनाभर कुणाशी नीट बोललं नाही.

ए-६०१ काका: वाईट झालं. दादा, हे सगळ्याच मुलांना सांगायला हवं. अप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ पासून आहे, त्यात विद्यावेतन कंपनीनं मुलाला द्यायचं असतं, रीतसर करार होतो. उलटे पैसे मागितले की तिथून उठायचं.

डी-४०४ ताई: बी-३०४ ताई, मार्कशीट आणि आधारवर नाव सारखंच आहे ना, आजच बघून घ्या. ओरिजिनल आणि झेरॉक्सचे दोन सेट वेगळे. पायात बूट हवेत, चपलेवर कारखान्याच्या शॉपमध्ये सोडत नाहीत. आणि चाकणला फेज नंबर, प्लॉट नंबर लिहून घ्या, नुसतं ‘एमआयडीसी’ म्हणून रिक्षात बसला तर तास तिथेच जाईल. जमलं तर मंगळवारी गेटपर्यंत जाऊन येऊ दे.

बी-३०४ ताई: खूप आभार. तो शेजारीच बसलाय, त्यालाच देते फोन.

बी-३०४ (मुलगा): काका नमस्कार. जॉ मिटवल्यावर शून्य मागे राहिलं, म्हणजे व्हर्नियरची झीरो एरर निगेटिव्ह असेल, तर ती मापात मिळवायची ना?

ए-६०१ काका: मिळवायची. शाब्बास. माझा व्हर्नियर घेऊन येतो रविवारी, पुतणीलाही करू दे. तू केलेला एखादा जॉब घरी असेल तर आण.

बी-३०४ (मुलगा): आहे काका. थोडा गंजलाय.

ए-६०१ काका: चालेल, तसाच आण.