अनुभव धागा : ‘तुमचं पात्र खरं आहे का?’

काल रात्री लाइट गेली होती, मोबाइलमध्ये १८ टक्के चार्जिंग उरलं होतं, आणि ते आम्ही चौघांनी एका जिनीशी भांडण्यात संपवलं. अकिनेटर हो, प्रश्न विचारून मनातलं पात्र ओळखणारा ऑनलाइन खेळ. मनात कुणीतरी धरायचं, खरं माणूस किंवा गोष्टीतलं, आणि तो पगडीवाला विचारत सुटतो: खरं आहे का, बाई आहे का, वय ३५च्या वर आहे का. उत्तरं पाचच: हो, नाही, माहीत नाही, बहुतेक हो, बहुतेक नाही. २००७ साली फ्रान्समधल्या एलोकन्स कंपनीने तो आणला, म्हणजे आमच्या शेंडेफळापेक्षा वयाने मोठाच. नवऱ्याला वाटतं त्याला मनातलं कळतं. लेक म्हणते, "बाबा, त्याला खेळणाऱ्यांनीच शिकवलंय." चालू द्या त्यांचं.

तुमचे किस्से लिहा. जिनीबरोबरचे असोत, नाहीतर ऑनलाइन माणसांबरोबर खेळलेले. हरल्याचे असले तर आधी लिहा.

माझाच घ्या. मी आनंदीबाई जोशी धरल्या होत्या. ‘३५च्या वर?’ आल्यावर ठोकून दिलं, हो. १८६५चा जन्म, आणखी काय हवं? तिथून जी गाडी घसरली ती घसरलीच. लेकीने मागून बघितलं आणि म्हणाली, "आई, त्या गेल्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या गं." १८८६ला पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या, पुढच्या फेब्रुवारीत गेल्या. शाळेत सनावळ्या घोकल्या होत्या, वजाबाकी कधी करून पाहिली नव्हती.

*

डोंबिवलीहून. २०२०च्या एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री दहाला हा खेळ चालायचा. एकाने पात्र धरायचं, बाकीच्यांना मिळून वीस प्रश्न. जिनी वगैरे नाही, सगळी आपलीच माणसं, त्यामुळे भांडणंही घरचीच.

एका रात्री मी धरलेलं पात्र अजून मला ऐकवलं जातं. खरा माणूस? हो. पुरुष? हो. नट? हो. रामाचं काम केलंय? हो. ग्रुपमध्ये जल्लोष, आता काय, आलंच हातात! मग एकीने सहज विचारलं, सीतेचं? मी म्हटलं, हो. झालं. ‘नीट उत्तर दे’, ‘हा फसवतोय’, ‘याला उद्यापासून पात्र देऊ नका’. एकजण तर रागाने ग्रुप सोडून गेला (दहा मिनिटांत परत आला). बारा प्रश्न शिल्लक असताना शेवटी त्याच मुलीने शांतपणे विचारलं: आधी हॉटेलात आचारी होता का? ओळखलंन.

अण्णा साळुंके. दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हा माणूस लुगडं नेसून उभा राहिला. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये राम हाच आणि सीताही हाच. जिनीपुढे मी अजून तो धरलेला नाही. पुरुष म्हणायचा की बाई, यावर माझंच एकमत होत नाही.

*

नागपूर. आमच्या काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मीच आहे का तो?" दर वेळी. एकदा भावाने खरंच त्यांना धरलं. नेमकं त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. वीसही प्रश्न संपले, काका हरले आणि वर म्हणतात, असा माणूस असूच शकत नाही.

*

सांगलीहून, गणिताची बाई. ऑनलाइन वर्ग होते तेव्हा नववीच्या पोरांना दुसऱ्या कशाने जागं ठेवायचं? म्हटलं, वर्गातला एक विद्यार्थी मी मनात धरलाय, ओळखा. हजेरीपटावर ३२ नावं. लगेच सुरू: ‘मी का?’, ‘ती का?’ अशाने लागोपाठ एकतीस वेळाही ‘नाही’ ऐकायची पाळी येते. मग एकीने डोकं चालवलं, "चष्मा आहे का?" चष्मेवाले सहाच. ‘नाही’ आलं तर सव्वीस उरणार, म्हणजे फारसं काही कापलं गेलं नाही.

एरवी कॅमेरा बंद ठेवून बसणारा एक मुलगा तेवढ्यात बोलला, "बाई, हजेरी नंबर सोळाच्या वर आहे का?" मी खुर्चीत सरळ बसले. सोळा उरले. पुढच्याला आठ, मग चार, दोन, एक. पाच प्रश्नांत खेळ खलास. मी फळ्यावर दोनाचे घात मांडले: दहा प्रश्नांत १०२४, वीस प्रश्नांत १०,४८,५७६. जिनीच्या जादूतलं अर्धं गणित हेच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे लोकांनी चुकीची उत्तरं दिली तरी सांभाळून घेणं, आणि ते मला वर्गातही अजून नीट जमत नाही.

*

डब्लिन. लेक आठ वर्षांचा, त्याची आजी साताऱ्याला. रविवारी व्हिडिओ कॉलवर आमचा हा खेळ, मराठीतूनच खेळायचा असा आजीचा दंडक. एकदा आजीच्या मनात फास्टर फेणे होता. पोराने विचारलं, गोष्टीतला आहे? हो. शाळेत जातो? हो. पुण्यात? हो. सायकल चालवतो? आजी म्हणाली, "चालवतो म्हणजे!", आणि बोलता बोलता तिच्या तोंडून ‘ट्टॉक’ निघून गेलं. पोरगा सोफ्यावरून उडाला. आजी म्हणाली, हा डाव धरायचा नाही. तेव्हापासून प्रश्न सुरू झाले की ती तोंडात लवंग धरून बसते.

*

पंढरपूरजवळून. मी धागाकर्तीच्या पहिल्याच प्रश्नाबद्दल लिहितो. आमच्या आजीला फोन दिला आणि सांगितलं, मनात कुणीही धर, मी वाचून दाखवतो. तिने कुणाला धरलं हे विचारायची गरजच नव्हती.

‘तुमचं पात्र खरं आहे का?’ "हो." मी जरा थांबलो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मुकाट्याने ‘हो’ दाबलं. ‘वय ३५च्या वर?’ "अठ्ठावीस युगं झाली की." हो. ‘लग्न झालंय?’ इथे तिने विचार केला. म्हणाली, झालंय, पण रखुमाई वेगळ्या देवळात असते, ती रुसलेली आहे. मग काय दाबू? "बहुतेक हो दाब." ‘पात्राचे केस सोनेरी आहेत का?’ यावर ती मनापासून हसली.

पुढचा प्रश्न आला, तुमचं पात्र व्हिडिओ बनवतं का. आजीने फोन माझ्या हातात दिला आणि मेथी निवडायला बसली.