१९६५ आणि १९७१ च्या लढाईतल्या जवानांच्या आणि घरच्यांच्या आठवणी नोंदवायच्या आहेत, सुरुवात कशी करू?

पारावरचा_वाचक
गावच्या वाचनालयातर्फे अकरा माजी सैनिकांच्या मुलाखती आवाजात नोंदवायच्या ठरल्या आहेत. गाव सातारा जिल्ह्यातलं. बहुतेक जण मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघे महार रेजिमेंटचे, एक नौदलातले. सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. सात जणांच्या पत्नी हयात आहेत. जवळ दोन मोबाइल आणि एक कॉलर माइक आहे.
अडचणी अशा: १९६५ आणि १९७१ ची सरमिसळ होते. ट्रंकांमधून पत्रं आणि पदकं निघताहेत, त्यांचं काय करायचं कळत नाही. आणि बायकांना विचारलं की "आम्हाला काय कळतंय लढाईतलं" म्हणून आत निघून जातात. जाणकारांनी सांगावं.

ध्वनी_साठे
आधी आवाजाचं सांगतो, कारण तो बिघडला तर बाकीचं सगळं वाया जातं.

रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (एकाच चॅनलमध्ये). तासाला साधारण ५२० एमबी लागतात, तेव्हा मोबाइलमध्ये आधीच जागा करून ठेवा. एमपी३ नंतर कधीही बनवता येते, पण एमपी३ ची पुन्हा मूळ फाइल होत नाही. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. मध्येच फोन आला की काही ॲप रेकॉर्डिंग थांबवतात आणि तासाभराने कळतं की शेवटची चाळीस मिनिटं नाहीतच.

माइक हनुवटीच्या खाली एक वीत, सदऱ्याच्या मधल्या पट्टीवर. उपरणं किंवा मफलर त्याला घासला तर सतत खरखर येते आणि ती नंतर निघत नाही. आवाजाची पातळी बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. या वयात बोलता बोलता आवाज एकदम चढतो, त्याला वर जागा हवी. दुसरा मोबाइल टेबलावर रुमालाची घडी घालून त्यावर ठेवा आणि त्यातही रेकॉर्डिंग चालू ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवली की दोन्ही फाइली नंतर जुळवता येतात.

पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर दोरी बांधून दोन गोधड्या टाकल्या तरी मोठा फरक पडतो. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला (निघताना आठवणीने लावा), आणि कुकर लागायच्या आधीची वेळ. सकाळी साडेनऊ ते अकरा उत्तम. श्रवणयंत्र शिटी मारत असेल तर ते कानात नीट बसवून घ्या. काढून ठेवायला सांगू नका, प्रश्नच ऐकू येणार नाही.

एक बैठक तासाभराची, फार तर सव्वा तास. माणसामागे तीन बैठका धरा. आणि फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. फोटो तर तिथे नेहमीसारखे पाठवूच नका, आकसून जातात.

कोयनाकाठ
सालांच्या गोंधळाला तुमच्या भागात देवाने दिल्यासारखी एक खूण आहे: कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. तो बरोबर दोन लढायांच्या मध्ये पडतो. "हे भूकंपाच्या आधीचं की नंतरचं?" एवढं विचारलं की निम्मी सरमिसळ सुटते. दुसरी खूण ७२ चा दुष्काळ. तो दोन्ही लढायांनंतरचा.

सणांचाही आधार घ्या. १९६५ ला ६ सप्टेंबरला लाहोरच्या बाजूची आघाडी उघडली तेव्हा गणपती बसलेले होते. १९७१ ला दत्तजयंती उलटली आणि लगेच ३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध सुरू झालं. घरात कोणाचं बारसं, कोणाचं लग्न, बैल कधी विकला, हे सगळं एका कागदावर सालवार मांडून बैठकीला घेऊन जा. "तारीख सांगा" असं मात्र म्हणू नका. म्हातारी माणसं अवघडतात आणि मग ऐकलेली, वाचलेली तारीख सांगून मोकळी होतात.

पदकं साक्ष देतात. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल १९६५ ची. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल १९७१ ची. पूर्वी स्टार असेल तर माणूस पूर्वेच्या आघाडीवर होता, पश्चिमी असेल तर पश्चिमेच्या. पदकाच्या कडेवर किंवा मागे कोरलेला नंबर, हुद्दा आणि नाव भिंगाने वाचून डिस्चार्ज बुकाशी (फौजेतून सुटताना मिळालेल्या नोंदपुस्तकाशी) ताडून घ्या. ब्रासो लावू नका, चिंचेने घासू नका. कोरलेली अक्षरं झिजतात आणि तीच तर खरी नोंद असते.

मुलाखतीतही आधी नंबर विचारा. "नंबर काय होता?" म्हटलं की पाठ ताठ होते आणि एका दमात नंबर, हुद्दा, नाव, पलटण बाहेर येतं. मग भरती कुठे, ट्रेनिंग कुठे (मराठाचं केंद्र बेळगावला, महारचं सागरला), कंपनी कोणती, रजा रद्द झाल्याची तार कशी आली. "किती मारले?" हा प्रश्न कधीच नाही. त्याऐवजी विचारा: मोर्चा किती खोल खणला, जमीन मातीची की मुरमाड, लंगरचं (फौजी स्वयंपाकघराचं) जेवण पुढे कसं यायचं, पाणी कुठून, रात्री थंडीला काय होतं. खरी लढाई या उत्तरांतून आपसूक येते.

फौजी हिंदी जशीच्या तशी ठेवा. "स्टँड-टू" (मोर्चात सज्ज राहणं), "फॉलिन" (रांगेत उभं राहणं), "लंगर", "पिट्ठू" (पाठीवरची पिशवी) यांना शुद्ध मराठीत नेऊ नका. लेखी उताऱ्याला एका तासाच्या रेकॉर्डिंगमागे पाच-सहा तास लागतात, तेवढी माणसं आधी गाठा.

उंबरठा
माझ्या मते तुमच्या सात बाया हा या कामाचा गाभा आहे, पुरवणी नव्हे. आघाडीवर काय झालं याचे कागद कुठेतरी आहेत. पलटणींच्या वॉर डायऱ्या (लढाईतल्या रोजच्या नोंदवह्या) खुल्या करण्याचं धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. पण लढाईच्या त्या दिवसांत घर कसं चाललं, याचा कागद कोणीच लिहिला नाही.

त्यांना नवऱ्यासमोर बसवू नका. प्रश्न बाईला आणि उत्तर बाबांकडून, असंच होतं. वेगळ्या दिवशी जा, बाईमाणूस बरोबर असू द्या, आणि लढाईचं नावही काढू नका. हात कामात असले की बोलणं सुटतं, तेव्हा शेंगा फोडत, निवडण घेऊन बसल्या तरी चालेल. फक्त सूप नको, पाखडण्याचा आवाज माइकमध्ये बोलण्यावर चढतो.

विचारा ते असं: पत्र वाचून कोण दाखवायचं? वाचणारा काही गाळतोय असं वाटायचं का? उत्तर कोणाकडून लिहून घ्यायचा आणि सासऱ्यासमोर काय सांगता यायचं नाही? मनीऑर्डर कोणाच्या नावावर यायची, अंगठा कोण द्यायचं, हातात किती पडायचे? रेडिओ कोणाकडे होता? तारवाला गल्लीत वळला की काय व्हायचं? पेरणी, नांगरट कोणी केली? दीर-भाऊ मुंबईत गिरणीत असेल तर ब्लॅकआउटच्या रात्रींचं विचारा, चाळीच्या खिडक्यांना काळा कागद कोणी लावला, दिव्याचं काय केलं.

मग गप्प बसा. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा खरं वाक्य त्यानंतर येतं.

कागद_जपा
पत्रांबद्दल थोडक्यात. आंतरदेशीय पत्र घड्यांवरच फाटतं. जोर लावून सपाट करू नका. दोन स्वच्छ कागदांत ठेवून वर दोन जाड पुस्तकं, दोन दिवस. सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन शाईत उतरतो. स्कॅन ६०० डीपीआय, टिफ, कोरी वाटली तरी दोन्ही बाजू. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, ऊन थेट न येऊ देता, फ्लॅश बंद करून फोटो.

पाकीट फेकू नका. त्यावर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (फौजी टपालाचा पत्ता) असतं, आणि शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर व तारीख. ओळीने लावलीत तर नंबर बदलतो तिथे पलटण हलली असावी असा अंदाज बांधता येतो. मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडाही शोधा. पोस्टमन तो फाडून घरच्यांना द्यायचा. त्यावर दोन ओळींची जागा असे: "पैसे पोचताच कळवणे, बैलाचे बघणे, मी खुशाल." अशा दोन ओळींत घरची चिंता आणि फौजेची शिस्त एकत्र दिसते.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखाने उचकटू नका. दातांत फिरवायचा फ्लॉसचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू ओढा. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा.

पारावरचा_वाचक
खूप उपयोग झाला. एक अवघड प्रश्न उरला. एक आजोबा शेजारच्या गावच्या साथीदाराच्या मृत्यूबद्दल सांगू पाहताहेत. त्या घरी "जागच्या जागी गेले" एवढंच कळवलेलं होतं. तसं झालेलं नव्हतं. नोंदवू का?

उंबरठा
नोंदवा. पण त्या भागाची फाइल वेगळी करा आणि तो कोणालाही ऐकवू नका. संमतीपत्रात तीन पर्याय ठेवा: आता खुलं, माझ्या पश्चात खुलं, अमुक सालापर्यंत बंद. सही रेकॉर्डिंगनंतर घ्या, आधी नाही. काय बोलून गेलो हे कळल्याशिवाय माणूस खरी परवानगी देऊ शकत नाही. त्या घरच्यांना सांगायचं की नाही हे आजोबांनी ठरवायचं, वाचनालयाने नाही.

ते बोलताना थांबले, हात थरथरले, तर रेकॉर्डिंग बंद करून पाणी द्या आणि विषय शेताकडे न्या. घरातल्या एकाला आधीच सांगून ठेवा की रात्री झोप लागणार नाही कदाचित. दुसऱ्या दिवशी फोन नको, स्वतः जाऊन या.

ध्वनी_साठे
त्या बंद फाइलीच्या प्रतीही तीनच ठेवा: दोन हार्डडिस्कवर, एक गावाबाहेर. फाइलीचं नाव रोमन अक्षरांत, आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग क्रमांक. मरण पावलेल्याचं नाव फाइलीच्या नावात येऊ देऊ नका, यादी कोणाच्याही हाती पडू शकते. आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक डिस्क उघडून एक तरी फाइल शेवटपर्यंत ऐका.