पावसात चेनला कोणतं तेल? दोन दिवसांत काळा चिखल होतोय

पेडलपुराण

सायकल हायब्रिड, मागे 8 स्पीड कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), डिस्क ब्रेक. रोज कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. रविवारी जमलं तर पानशेत. चेन मूळचीच, 3200 किमी झालेत.

पावसात भिजली की दुसऱ्या दिवशी चेनच्या पट्ट्यांवर तांबूस झाक आणि प्रत्येक पेडलला करकर. आधी डब्ल्यूडी-40 मारायचो, आवाज एका दिवसात परत. आता स्कूटरचं उरलेलं 20डब्ल्यू-40 इंजिन ऑइल घालतोय. आवाज गेला, पण दोन दिवसांत चेनवर काळा लगदा आणि उजव्या पोटरीवर चेनचा शिक्का. दुकानदार म्हणतो बाइकच्या चेनचा स्प्रे मार, ऑफिसातले म्हणतात मेण लाव. नेमकं काय वापरू आणि किती दिवसांनी?

तिरका पाना

तेल कोणतं यापेक्षा ते कुठे जातं आणि बाहेरचं पुसलं जातं का, हे आधी बघा. चेन झिजते ती पिन आणि रोलरच्या आत. वंगण तिथे हवं. पट्ट्यांवर बाहेरून दिसणारं तेल जेमतेम गंज थांबवतं, बाकी धूळ गोळा करतं. तुमचा काळा लगदा म्हणजे तेल, रस्त्याची बारीक वाळू आणि चेनचाच झिजलेला धातू. वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात, तिचाच हा भाऊ. तो आत शिरला की करकर होत नाही, चेन मात्र गुपचूप खाल्ली जाते. म्हणजे आवाज बंद झाला म्हणून खूश होऊ नका.

डब्ल्यूडी-40 ची साधी निळी-पिवळी बाटली पाणी हटवायला आणि गंजलेलं सोडवायला उत्तम. पण ते फार पातळ, चेनवर टिकत नाही. इंजिन ऑइल वंगण म्हणून वाईट नाही, फक्त जाड असल्याने माती धरतं. बाइकच्या चेनचा स्प्रे मुद्दाम चिकट केलेला असतो, आणि तुमचे ब्रेक डिस्कचे. फवारा रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) उडाला की ब्रेक किंचाळणार आणि धरणारही नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पण पॅडने तेल प्यायलं तर बहुतेक वेळा पॅडच बदलावे लागतात.

जून ते सप्टेंबर सायकलचं ‘वेट’ ल्यूब, म्हणजे पावसासाठीचं वंगण घ्या, थेंब पाडायच्या बाटलीतलं. पाऊस संपला की ‘ड्राय’. ड्राय नावालाच, बाटलीत ते पातळच असतं. त्यातला द्रव उडून गेला की मागे मेणासारखा थर राहतो. म्हणून ते रात्री लावायचं. सकाळी निघताना लावलं तर ते रोलरमध्ये बसायच्या आधीच उडून जातं.

लावायची रीत: बाटलीचं तोंड खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या, म्हणजे वरच्या अंगाला धरा. मिसिंग लिंकपासून (चेनची उघडता येणारी जोडकडी) सुरुवात करा, म्हणजे फेरी कुठे संपली ते कळतं. पेडल उलटं सावकाश फिरवत प्रत्येक रोलरवर एकच थेंब. 114 कड्यांना पाच-सहा मिली पुरतं. मग वीस-तीस फेऱ्या उलट्या फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि जुन्या बनियनच्या फडक्यात चेन मुठीत धरून पुसत राहा. बोट लावलं तर जेमतेम ओलसर लागलं पाहिजे, काळं नाही. नव्वद टक्के लोक हे पुसणंच गाळतात.

तुमच्या अंतराला कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा पुरे. भिजलात तर त्याच संध्याकाळी: आधी कोरडं पुसायचं, मग तेल. सकाळपर्यंत ओली ठेवलीत की ती तांबूस झाक ठरलेली.

आणि आता नुसतं वरून तेल घालू नका, आतला लगदा आधी काढा. मिसिंग लिंक असेल तर पक्कडीशिवायही उघडते: जुनी ब्रेक केबल त्या लिंकच्या दोन्ही रोलरभोवती फासासारखी ओवायची आणि टोकं ओढायची. चेन एक लिटरच्या रुंद तोंडाच्या बाटलीत, वर 200 मिली टर्पेंटाइन (रंगाच्या दुकानात मिळतं), झाकण लावून दोन मिनिटं खळखळवा. पहिलं टर्पेंटाइन कॉफीसारखं निघेल. तीनदा करा, तिसऱ्यांदा आरपार दिसलं पाहिजे. मग साबणाचं गरम पाणी, स्वच्छ पाणी आणि पूर्ण वाळवणं, कारण रोलरमध्ये पाणी राहिलं तर तेल वर तरंगतं. काळं टर्पेंटाइन गटारात ओतू नका. रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं.

लिंक परत लावताना ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबा आणि पेडलवर जोर द्या. ‘कट्’ झालं की बसली.

मेणकापड

वरचं सगळं मान्य, पण मेण अगदीच वगळू नका. ऑक्टोबर ते मे त्याच्याइतकी स्वच्छ चेन कशानेच राहत नाही. पांढरी पँट घालून जाता येतं.

साधं पॅराफिन अर्धा किलो. रंगीत, सुगंधी मेणबत्त्या नकोत, मधमाशीचं मेण चिकट राहतं. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, असंच वितळवा. थेट आचेवर मेण पेट घेऊ शकतं. 80-90 अंशांच्या मेणात चेन दहा मिनिटं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. ते बुडबुडे म्हणजे रोलरमधली हवा बाहेर पडून मेण आत जातंय. थोडं गार होऊ द्या, साय धरायला लागली की काढा, म्हणजे आतलं मेण गळून जात नाही. गार झाल्यावर चेन काठीसारखी ताठ होते, प्रत्येक कडी बोटांनी मोडून सैल करायची.

अट एकच: आधी तेलाचा किंवा कारखान्यातल्या ग्रीसचा अंशही नको. टर्पेंटाइननंतर शेवटचं धुणं अल्कोहोलने. नाहीतर मेण धरत नाही आणि शंभर किलोमीटरवर करकर सुरू.

तिरका पाना

पुण्याच्या जुलैत रोज भिजणाऱ्याला मात्र मेण सुचवणार नाही. एका पावसातच पट्ट्या उघड्या पडतात, प्रत्येक भिजण्यानंतर पातेलं चढवायचं कोणी? दिवाळीनंतर जरूर.

कोकणकडा

दोन-तीन भर:

धुवायला पेट्रोल सुचवणारे भेटतील. बंद जागेत त्याची वाफ साठते आणि गीझरच्या ठिणगीनेही पेटते. नकोच. रॉकेल किंवा डिझेल चालतं, पण त्यांचा तेलकट थर साबणाने काढावा लागतो.

गंज काढायच्या आम्लात चेन बुडवू नका. कडक केलेलं पोलाद आम्लाने ठिसूळ होतं आणि पट्टी चढावर, जोर लावतानाच तडकते. लिंबू-व्हिनेगरही त्यातच आलं.

खोबरेल थंडीत गोठतं, बाकी खायची तेलं हवेने डिंकासारखी होतात. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला ठीक, पण एका पावसात जातं.

समुद्राकाठी (रत्नागिरी, वेंगुर्ला, गोवा) पाऊस नसला तरी खारी हवा चेनला लागते. तिथे बारा महिने वेट ल्यूबच बरं.

पण धागाकर्ते, तेल विकत घेण्याआधी चेन मोजलीत का? 3200 किमी आणि त्यात तो लगदा म्हणजे ती संपलेलीही असू शकते. स्टीलची पट्टी घ्या, चेन ताणलेली हवी. एका पिनच्या डाव्या कडेवर शून्य ठेवा आणि ती पिन सोडून पुढे 24 वी पिन बघा. नव्या चेनला तिची डावी कड 304.8 मिमीवर, म्हणजे बरोबर 12 इंचांवर येते. 8 स्पीडला 307 च्या पुढे गेली की बदला. 11-12 स्पीडवाल्यांनी 306.3 लाच.

पेडलपुराण

मोजली. तीन जागी बघितलं, सगळीकडे 307.5 च्या आसपास. टर्पेंटाइन आणलंच होतं.

कोकणकडा

0.9 टक्के लांबली. गेली. टर्पेंटाइन कॅसेट घासायला वापरा, ब्रश आणि फडक्याने. मागचं चाक काढून रोटरपासून लांब, आणि फ्रीहबच्या (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) बेअरिंगमध्ये ओतायचं नाही.

नवी चेन घेताना पाकिटावर ‘6/7/8 स्पीड’ लिहिलेली घ्या. लांबी जुनीशेजारी ठेवून कापू नका: 114 कड्यांची तुमची चेन आत्ता सुमारे 13 मिमी लांबली आहे, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक कडी. नवी एक कडी जास्त ठेवून बसाल, आणि मग मिसिंग लिंकच जुळणार नाही. जुनीच्या कड्या मोजा, तेवढ्याच ठेवा.

तिरका पाना

नवी बसवल्यावर चांदणी चौकाच्या चढावर उभं राहून जोर लावू नका. आधी सपाट, रिकाम्या रस्त्यावर बसूनच, रोज ज्या दोन-तीन गिअरवर जाता त्यांवर दाबून बघा. चेन दातांवरून उडी मारत असेल तर ते दात जुन्या चेनच्या मापाने झिजलेत, कॅसेटही बदलावी लागेल. पन्नास किलोमीटरमध्ये उडी मारली नाही, तर कॅसेट वाचली. कारखान्यातलं ग्रीस पावसात तसंच ठेवा, बाहेरून फक्त कोरड्या फडक्याने पुसा. आवाज आला की मग पहिला थेंब.